डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमचं पहिलं फॉर्मल मॉडेल: एका लॉकपासून सुरुवात

एका मशिनने दुसऱ्याला मेसेज पाठवला आणि उत्तर आलं नाही. मेसेज वाटेत हरवला असेल. किंवा पोहोचला, पण समोरचं मशिन बंद पडलं असेल. किंवा काम झालं, पण उत्तर हरवलं असेल. किंवा सगळं ठीक आहे, फक्त उशीर होतोय. पाठवणाऱ्याच्या बाजूने या चारही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. एकाच मशिनवर चालणारे प्रोग्राम लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम, म्हणजे मेसेज पाठवत मिळून एक काम करणारी अनेक मशिन, अवघड जाते ती इथे. आणि नुसत्या टेस्ट लिहून हे सुटत नाही, कारण टेस्ट चालवताना मेसेज बहुतेक वेळा वेळेवर, क्रमाने आणि एकदाच पोहोचतात.

फॉर्मल मॉडेल लिहायचं म्हणजे तीन गोष्टी नेमक्या, गणिती भाषेत मांडायच्या: सिस्टिमची स्थिती कशाकशाची बनलेली आहे, ती कोणत्या पावलांनी बदलू शकते, आणि काय कधीच घडता कामा नये. एवढं मांडलं की पावलांचे सगळे शक्य क्रम तपासण्याचं काम यंत्रावर सोपवता येतं.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरायचं आहे: लॉक (एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी) देणारा एक सर्व्हर, ते मागणारे क आणि ख हे दोन क्लायंट, आणि लॉक ज्याच्याकडे असेल त्यानेच लिहायची एक फाइल. प्रोग्रामिंगची भाषा कोणती घ्यायची हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. नवीन माणूस सहसा भाषेपासून सुरुवात करतो आणि माझ्या मते वाट तिथेच चुकते, कारण प्रत्येक भाषा आपल्याला न विचारता नेटवर्कबद्दल काही ना काही गृहीत धरून बसलेली असते.

पहिली पायरी: गृहीतकं कागदावर उतरवा

तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. वेळेचं काय? मेसेज ठरावीक वेळेत पोहोचतोच असं धरलं तर ती सिंक्रोनस सिस्टिम. कितीही उशीर होऊ शकतो असं धरलं तर असिंक्रोनस. यांच्या मधली, म्हणजे काही काळ गोंधळ आणि त्यानंतर वेळेची मर्यादा पाळली जाते अशी, ती अंशतः सिंक्रोनस. ड्वॉर्क, लिंच आणि स्टॉकमेयर यांनी 1988 साली ती मांडली आणि आज वापरातले बरेच प्रोटोकॉल त्याच गृहीतकावर उभे आहेत. दुसरा प्रश्न बिघाडाचा: मशिन बंद पडून कायमचं गप्प होतं, बंद पडून पुन्हा उठतं, की वाटेल ते खोटंही बोलू शकतं? तिसऱ्या प्रकाराला बायझंटाइन म्हणतात. आणि तिसरा प्रश्न नेटवर्कचा: मेसेज हरवतात का, दोनदा येतात का, क्रम बदलून येतात का?

हा कागदी सोपस्कार वाटेल, पण काय शक्य आहे आणि काय नाही हे या उत्तरांवरच ठरतं. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी 1985 साली सिद्ध केलं की पूर्ण असिंक्रोनस सिस्टिममध्ये एक जरी मशिन बंद पडण्याची शक्यता असेल, तर एकमताने निर्णय घेणारा आणि प्रत्येक वेळी नक्की संपणारा असा ठरीव अल्गोरिदम असूच शकत नाही. अंशतः सिंक्रोनस गृहीत धरलं की तोच प्रश्न सुटतो. म्हणजे गृहीतकाचा एक शब्द बदलला आणि अशक्य ते शक्य झालं.

आपल्या लॉकसाठी आपण धरू: वेळ असिंक्रोनस, क्लायंट बंद पडू शकतो, सर्व्हर मात्र तूर्त पडत नाही, मेसेज हरवू शकतात, दोनदा येऊ शकतात, मागेपुढे होऊ शकतात. खोटं कोणी बोलत नाही.

दुसरी पायरी: स्थिती आणि पावलं

स्थिती शक्य तितकी छोटी ठेवा. आपल्याला चारच गोष्टी लागतात:

धारक: सर्व्हरच्या मते लॉक कोणाकडे आहे (क, ख किंवा कोणीच नाही)
समज: प्रत्येक क्लायंटला लॉक आपल्याकडे आहे असं वाटतं की नाही
जाळं: आजवर पाठवलेल्या सगळ्या मेसेजचा संच
फाइल: फाइलमध्ये आलेल्या नोंदी (हिची गरज पाचव्या पायरीत पडेल)

धारक आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इकडे नीट लक्ष द्या. सर्व्हरला जे माहीत आहे आणि क्लायंटला जे वाटतं त्यात कायम अंतर असतं, आणि या क्षेत्रातले बहुतेक बग त्या अंतरातच राहतात.

आता पावलं. प्रत्येक पावलाला एक अट आणि एक परिणाम (इथे क साठी लिहिलीत, ख साठीही हीच):

मागणी: क ची समज = नाही → जाळ्यात «क मागतो»
देणं: जाळ्यात «क मागतो» आहे, धारक कोणी नाही → धारक = क, जाळ्यात «क ला दिलं»
मिळणं: जाळ्यात «क ला दिलं» आहे → क ची समज = हो
सोडणं: क ची समज हो → समज = नाही, जाळ्यात «क ने सोडलं»
मोकळं करणं: जाळ्यात «क ने सोडलं» आहे, धारक क आहे → धारक = कोणी नाही

यात एक जुनी आणि फार उपयोगी युक्ती आहे: मेसेज वाचल्यावर तो जाळ्यातून काढायचाच नाही. संचात राहिला म्हणजे तो पुन्हा वाचला जाऊ शकतो, झाला दोनदा पोहोचलेला मेसेज. कोणत्याही क्रमाने वाचता येतो, म्हणजे क्रमाची उलथापालथ आली. आणि कोणी वाचलाच नाही तर तो हरवल्यासारखाच. नेटवर्कचे तिन्ही दोष एकही जादा ओळ न लिहिता मॉडेलमध्ये येतात.

तिसरी पायरी: काय घडता कामा नये, काय घडलंच पाहिजे

अटी दोन जातीच्या असतात. सेफ्टी म्हणजे वाईट काही कधीच न होणं. आपली सेफ्टी अशी: क आणि ख या दोघांचीही समज एकाच वेळी «हो» नसावी. प्रत्येक पोहोचण्याजोग्या स्थितीत टिकणाऱ्या अशा अटीला इनव्हेरियंट म्हणतात. लाइव्हनेस म्हणजे चांगलं काहीतरी कधी ना कधी होणं: ज्याने मागितलं त्याला लॉक एके दिवशी मिळावं.

दोन्ही लिहाच. काहीच न करणारा सर्व्हर सेफ्टी उत्तम पाळतो. फक्त सेफ्टी तपासून «मॉडेल पास झालं» म्हणून समाधान मानणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. कित्येकदा मॉडेल पास होतं कारण एखाद्या पावलाची अट चुकून कधीच खरी होत नसते. म्हणून प्रत्येक पाऊल किमान एकदा तरी घडतं ना, हेही पाहा.

चौथी पायरी: यंत्राला तपासू द्या

सुरुवातीला मी टीएलए प्लस सुचवीन. लेस्ली लॅम्पोर्ट यांची ही भाषा. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममध्ये घटनांचा क्रम म्हणजे काय हे 1978 च्या निबंधात सांगणारे आणि 2013 सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले तेच. वर आपण जे लिहिलं ते जवळजवळ जसंच्या तसं या भाषेत उतरतं, कारण ती प्रोग्रामिंगची भाषा नाहीच. स्थिती आणि पावलं मांडायची भाषा आहे. तिच्यासोबतचा टीएलसी हा मॉडेल चेकर सगळ्या स्थिती थराथराने धुंडाळतो आणि इनव्हेरियंट मोडला तर तिथवरची पावलं छापतो. ही वाट सहसा शक्य तितकी आखूड असते.

क्लायंट दोनच ठेवा. दोन क्लायंटनी काय सिद्ध होणार असं वाटतं, पण डिझाइनमधले बहुतेक दोष इवल्याशा उदाहरणातही दिसतात. मॉडेल तपासणारं अलॉय हे साधन बनवणाऱ्या डॅनियल जॅक्सन यांच्या कामाचा पायाच हा अनुभव आहे. शिवाय क्लायंट वाढले की स्थितींची संख्या भराभर फुगते आणि मशिन हातचं जातं.

वरचं मॉडेल चालवलं तर इनव्हेरियंट मोडतो, आणि तो नऊ पावलांत. क मागतो, सर्व्हर देतो, क ला मिळतं, क सोडतो, सर्व्हर मोकळं करतो, ख मागतो, सर्व्हर देतो, ख ला मिळतं. आणि मग «क ला दिलं» हा जुनाच मेसेज क ला दुसऱ्यांदा पोहोचतो. आता दोघांनाही वाटतं लॉक माझंच.

कोणी मशिन बंद पडलं नाही, कोणी चुकीचा कोड लिहिला नाही. एक मेसेज दोनदा आला, एवढंच. ही नऊ पावलं हाताने, सावकाश, कागदावर काढून पाहा. मिळालेली वाट ओळीने वाचायची आणि प्रत्येक पावलावर «आत्ता कोणाला काय माहीत आहे?» असं विचारायचं, ही सवय मला साधनाच्या ज्ञानापेक्षा मोलाची वाटते.

उपाय: सर्व्हरने लॉक देताना दरवेळी चढता क्रमांक द्यायचा. क्लायंटने आधी पाहिलेल्या किंवा त्याहून लहान क्रमांकाकडे दुर्लक्ष करायचं. «सोडलं» या मेसेजमध्येही क्रमांक घालायचा, नाहीतर जुनं «सोडलं» दुसऱ्यांदा येऊन नव्या वेळचं लॉक मोकळं करील. सगळेजण देण्याच्या मेसेजला क्रमांक लावतात आणि सोडण्याच्या मेसेजला विसरतात. मॉडेल विसरू देत नाही. चढत्या क्रमांकांमुळे स्थिती अनंत होतात, म्हणून तपासताना क्रमांकाला तीन-चारची मर्यादा घाला. आता सेफ्टी टिकते.

पाचवी पायरी: टाइमआउट घाला आणि प्रश्नच बदला

क्लायंट लॉक घेऊन बंद पडला तर? «सोडलं» कधीच येत नाही, ख जन्मभर ताटकळतो, लाइव्हनेस मोडतो. सगळे करतात तेच आपणही करू: लॉकला मुदत. सर्व्हरसाठी आणखी एक पाऊल:

मुदत संपणं: धारक कोणीतरी आहे → धारक = कोणी नाही

यात घड्याळ कुठे आहे? नाही, आणि ते बरोबर आहे. असिंक्रोनस मॉडेलमध्ये किती वेळ गेला हे एकाचं दुसऱ्याला कळत नाही, म्हणून मुदत केव्हाही संपू शकते असंच लिहायचं. चेकर चालवा: सात पावलांत इनव्हेरियंट मोडतो. क मागतो, त्याला दिलं जातं, मिळतं, मुदत संपते, ख मागतो, त्याला दिलं जातं, मिळतं. क जिवंत आहे, फक्त थोडा वेळ थबकला होता. मेमरी साफ करण्यासाठी प्रोग्राम थांबला किंवा व्हर्च्युअल मशिन गोठलं तर प्रत्यक्षात नेमकं हेच होतं. जागा झालेल्या क ला आपली मुदत टळल्याचा पत्ताच नसतो.

इथे धडपड करून उपयोग नाही. या गृहीतकांत «दोघांची समज एकाच वेळी हो नसावी» ही अट मुदतीसह टिकवताच येत नाही. लोक मुदत वाढवतात, मध्येच आणखी एक तपासणी घालतात. त्याने वाट लांबते, बंद होत नाही. अशा वेळी स्वतःला विचारायचं, आपल्याला खरोखर काय वाचवायचं आहे? दोघांचा समज वाचवायचा नाही, फाइल वाचवायची आहे. म्हणून अट तिथे न्या: फाइलमध्ये आलेल्या नोंदींचे क्रमांक कधीच उतरता कामा नयेत. क्लायंटने लिहिताना आपला लॉक-क्रमांक सोबत पाठवायचा आणि फाइल सांभाळणाऱ्या स्टोरेजने आजवर पाहिलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाची नोंद नाकारायची. अशा क्रमांकाला फेन्सिंग टोकन म्हणतात.

एक बारीक जागा उरतेच. ख ला लॉक मिळालं, त्याने फाइल वाचली, पण अजून लिहिलं नाही. तेवढ्यात क ची जुनी नोंद आत आली. स्टोरेजने ख चा मोठा क्रमांक अजून पाहिलेलाच नाही, त्यामुळे ते नाकारत नाही. म्हणून वाचतानाही टोकन दाखवावं लागतं. हे वाक्य वाचून पटलं तरी मॉडेलमध्ये «वाचणं» हे पाऊल घालून स्वतः पाहा.

हे फक्त सरावाच्या उदाहरणात होतं असं समजू नका. नीडहॅम आणि श्रोडर यांचा 1978 चा ओळख पटवण्याचा प्रोटोकॉल सतरा वर्षं बिनबोभाट वावरला; 1995 मध्ये गॅव्हिन लोव यांनी त्यातला हल्ला दाखवला आणि पुढे सीएसपीत (मॉडेल मांडायची आणखी एक पद्धत, ती खाली येईल) मॉडेल मांडून चेकरलाही तो सापडतो हे दाखवून दिलं. पामेला झेव्ह यांनी अलॉय वापरून दाखवलं की मशिनना वर्तुळात जोडणाऱ्या 2001 सालच्या कॉर्ड प्रोटोकॉलची ते वर्तुळ टिकवण्याची रीत प्रसिद्ध झाली तशी बरोबर नाही. अमेझॉनच्या अभियंत्यांनी 2015 मध्ये लिहिलं की त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमधल्या एका बगपर्यंत नेणारी टीएलए प्लसने काढलेली सर्वांत आखूड वाट 35 पावलांची होती. पस्तीस पावलांचा तो क्रम डोक्यात जुळवून पाहणारा माणूस मला तरी भेटायचा आहे.

इतर मॉडेलं: कुठे काय

स्थिती-पावलांची पद्धत हे एक घराणं. नॅन्सी लिंच आणि मार्क टटल यांचे आय-ओ ऑटोमॅटा याच घराण्यातले. कागदावर सिद्धता लिहायची असेल तर ते फार सोयीचे पडतात.

दुसरं घराणं प्रोसेस अल्जिब्रांचं: टोनी होअर यांचं सीएसपी 1978 चं, रॉबिन मिल्नर यांचं सीसीएस 1980 चं, आणि 1992 चं पाय-कॅल्क्युलस, ज्यात संवादाची वाटच मेसेजमधून दुसऱ्याला देता येते. इथे लक्ष प्रक्रियांमधल्या देवाणघेवाणीवर असतं. पण यात एक खड्डा आहे. सीएसपीत देणारा आणि घेणारा एकाच क्षणी हातात हात देतात, आणि खऱ्या नेटवर्कवर तो एकच क्षण नसतोच. म्हणून सीएसपीत डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम मांडताना नेटवर्क ही स्वतंत्र प्रक्रिया म्हणून मध्ये उभी करा. ती विसरलात तर चेकर सगळं ठीक सांगेल आणि उत्तर निरुपयोगी असेल.

तिसरं म्हणजे कार्ल ह्युइट आणि सहकाऱ्यांचं 1973 चं ॲक्टर मॉडेल: प्रत्येकाची स्वतःची खाजगी स्थिती, स्वतःची पेटी, आणि फक्त मेसेज. पेट्री नेट्स 1962 पासून आहेत. साधनं अडवून ठेवण्याचे प्रश्न त्यात छान दिसतात, पण पहिल्या मॉडेलसाठी मी तिकडे जाणार नाही.

सी सारख्या भाषेची सवय असेल तर जेरार्ड होल्झमन यांचा स्पिन हा मॉडेल चेकर आणि त्याची प्रोमेला ही भाषा लवकर हातात बसेल. मायक्रोसॉफ्टमधून आलेली पी ही भाषा प्रोग्रामरला टीएलए प्लसपेक्षा ओळखीची वाटते, कारण ती मेसेज घेणाऱ्या यंत्रांच्या रूपातच विचार करायला लावते.

सहावी पायरी: आता भाषा

मॉडेल हातात आलं की भाषेला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात: तुझ्यात मेसेज हरवला तर मला कळतं का? क्रमाची हमी आहे का? बिघाड दिसतो कसा?

अर्लांग या प्रश्नांना सरळ उत्तरं देते. एरिक्सनमध्ये 1980 च्या दशकात जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली आणि 1998 मध्ये ती ओपन सोर्स झाली. एका प्रोसेसकडून दुसऱ्याकडे जाणारे मेसेज पाठवल्या क्रमाने येतात, पण पोहोचतीलच याची हमी नाही. समोरचा मेला तर लिंक किंवा मॉनिटरमधून खबर मिळते आणि सुपरवायझर त्याला पुन्हा उभा करतो. मेसेज दुसऱ्या मशिनवर पाठवायची रीतही तीच. याच पायावर उभ्या एलिक्सिर या भाषेची मांडणी नव्या डोळ्यांना सोपी जाते. आपला लॉक-सर्व्हर पहिल्यांदा लिहायला मी हीच जोडी निवडीन.

गो ही भाषा 2009 मध्ये आली, तिच्या चॅनेलवर सीएसपीचा ठसा स्पष्ट आहे. मात्र ते चॅनेल एकाच प्रोग्रामच्या आतले आहेत. दोन मशिनमध्ये ते जात नाहीत. तिथे तुम्हाला नेटवर्क कॉलच करावा लागतो आणि पहिल्या परिच्छेदातल्या चार शक्यता पुन्हा समोर येतात. गो वाईट आहे असं नाही, तिच्यात उत्तमोत्तम डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम लिहिल्या गेल्या आहेत. पण चॅनेलवरची भिस्त मशिनच्या सीमेवर सोडायची.

मॉडेल आणि भाषा जवळ आणणारे प्रयत्नही पाहून ठेवा. कोहेई होंडा यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या सेशन टाइप्समध्ये संवादाचा क्रमच टाइपमध्ये लिहितात आणि चुकीच्या वेळी मेसेज पाठवणारा प्रोग्राम कंपाइलर अडवतो. सीआरडीटी ही अशी डेटा स्ट्रक्चर आहेत की बदल कोणत्याही क्रमाने आले तरी सगळ्या प्रती शेवटी सारख्या होतात. जिथे ती बसतात तिथे लॉकची गरजच संपते. आणि 2015 च्या आयर्नफ्लीट प्रकल्पात डॅफ्नी भाषेत कोड आणि त्याची सिद्धता एकत्र लिहून दाखवली होती. ते श्रम मोठे आहेत, पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

सातवी पायरी: मॉडेलमधलं एक पाऊल, कोडमधल्या किती ओळी?

चांगली मॉडेलं वाया जातात ती बहुधा इथे. मॉडेलमध्ये «देणं» हे एकच पाऊल आहे: धारक बदलला आणि मेसेज गेला, मध्ये काहीच नाही. कोडमध्ये आधी मेमरीत बदल होतो, मग डिस्कवर लिहिलं जातं, मग मेसेज निघतो, आणि यातल्या कोणत्याही दोन ओळींमध्ये मशिन पडू शकतं. मेसेज आधी गेला आणि डिस्कवर लिहिण्याआधी सर्व्हर पडला, तर उठल्यावर तोच क्रमांक तो दुसऱ्याला देईल.

म्हणून एक तर मॉडेलमधलं पाऊल फोडून दोन करा आणि मध्ये «पडणं» हे पाऊल घाला, किंवा कोडमध्ये आधी डिस्क, मग मेसेज हा नियम कडक पाळा. मी दोन्ही करायला सांगेन. कोडमधलं प्रत्येक फंक्शन मॉडेलमधल्या एका पावलाशी जोडा, नावंही तीच ठेवा, आणि प्रत्येक पावलाची नोंद लॉगमध्ये टाका: कोण, कोणतं पाऊल, कोणता क्रमांक. पुढे काही बिघडलं की हा लॉग मॉडेलशेजारी ठेवून मॉडेलने न परवानगी दिलेलं पहिलं पाऊल शोधता येतं. क्रम लावायला मशिनच्या घड्याळावर विसंबू नका; लॅम्पोर्टचा साधा मोजक पुरतो. प्रत्येक घटनेला एक वाढवायचा, मेसेजसोबत पाठवायचा, आणि आलेला आकडा मोठा असेल तर आपला त्याच्याही पुढे न्यायचा.

एवढं झालं की पहिल्या पायरीवर सर्व्हर पडत नाही असं जे धरलं होतं ते खोडा. एकाऐवजी तीन सर्व्हर ठेवा, तिघांनी मिळून पुढचा क्रमांक ठरवायचा आणि त्यातला एक पडला तरी काम चालायला हवं. हा एकमताचा प्रश्न आहे. ऑन्गारो आणि आउस्टरहाउट यांनी 2014 मध्ये मांडलेल्या राफ्ट या एकमताच्या अल्गोरिदमचं टीएलए प्लसमधलं मॉडेल खुलं आहे. ते उघडा, त्यातला जाळ्याचा भाग शोधा, आणि मेसेज वाचल्यावर ते काय करतात हे आपल्या युक्तीशी ताडून पाहा.